पूर्वेला खिडकी नसलेलं घर

मंडळी, आज सकाळी बारामतीजवळ एका नव्या सोसायटीत फ्लॅट बघायला गेले होते. एजंटनं पूर्वेची मोठी खिडकी उघडली. “ताई, समोर साखर कारखाना हाय, पण वास येतोय का सांगा!”

नव्हता येत. मे महिना, कारखाना बंद आणि वारं पश्चिमेचं.

मला एकदम इस्माईल मिस्त्री आठवले. नव्वदच्या दशकात इंदापुरात, तिथल्या साखर कारखान्याच्या पश्चिमेला, आमचं घर त्यांनी बांधलं. वडील उन्हाळ्यातच पाया खणायला निघालेले, पण मिस्त्री अडून बसले. “आत्ता न्हाय, अण्णा. उसाचं गाळप सुरू होऊ द्या. थंडीत वारं फिरतं, आन् वहिनींना दमा हाय.”

थंडीत त्यांनी प्लॉटवर गोवरी पेटवून धूर कुठं जातो ते बघितलं. मग कारखान्याकडची, पूर्वेची भिंत बिनखिडकीची बांधली.

एजंटला म्हटलं, “गाळप सुरू झालं की येते, गोवरी घेऊन.”

ऐन गाळपातही आई त्या घरात शांत झोपायची. आणि मी? सकाळचं ऊन येत नाही म्हणून त्या भिंतीला वर्षानुवर्षं नावं ठेवली.

तुमच्या घरात आहे अशी एखादी भिंत, जिची माफी मागायची राहिलीय?