कच्चं दोनशे ग्रॅम

मला दवाखान्यातल्या एका छापील कागदानं फसवलं. तो आहारतज्ज्ञ बाईंनी दिला, मी त्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. ज्यांच्या घरी अशी जखम असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

त्याआधी करंगळी गेली होती. तिचा दोष कोणाला देत नाही. बुटात खडा होता आणि डायबिटीसमुळे पायाला तो कळलाच नाही. करंगळी काढल्यावर आठव्या दिवशी यवतमाळला सर्जननी पट्टी सोडली, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "काका, साखर आटोक्यात आहे, पण अल्ब्युमिन फार खाली गेलंय. असंच राहिलं तर जखम भरणार नाही. मग पाऊल वाचवणं कठीण." अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. नवं मांस भरायला शरीराला माल लागतो आणि माझ्याकडे तो नाही, एवढं मला समजलं.

कोलेस्टेरॉलही वाढलेलं होतं. म्हणजे प्रोटीन हवं, चरबी नको. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद पुढे सरकवला. प्रत्येक मांसाचे शंभर ग्रॅम आणि त्यापुढे आकडे. कातडी काढलेली कोंबडीची छाती: १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रोटीन, चरबी साडेतीनच्या आसपास. मांडी, तीही कातडीविना: दोनशेच्या वर कॅलरी, प्रोटीन २६, चरबी तिप्पट. कातडीसकट बदक तीनशेच्या पुढे. टर्कीची छाती सगळ्यात हलकी, पण घाटंजीच्या बाजारात टर्की कोणी पाहिली आहे?

"रोज दोनशे ग्रॅम छाती, दोन वेळात," त्या म्हणाल्या.

"दीडशेत भागवा मॅडम."

"इथं भाव होत नाही काका. पाय तुमचा आहे."

मी घाटंजीत सोयाबीन आणि तुरीची खरेदी करतो. पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज माझं स्वतःचं गोदाम आहे. घरी मी आणि बायको. तिनं सहा वर्षांपूर्वी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, तेव्हापासून घरात मांस शिजत नाही. मी कागद दाखवला तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बाहेर करा जी. पायासाठी खा, मी नाही म्हणत नाही. पण मले त्या भांड्याले हात लावता येत नाही." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिचा नेम आहे.

गोदामाच्या मागच्या खोलीत मी एक स्टोव्ह, एक पातेलं आणि एक ताट ठेवलं. धान्याचा नमुना तोलायचा छोटा काटा होताच. सलीमभाईच्या दुकानातून रोज कोंबडीची छाती आणायची, दोनशे ग्रॅम तोलायची, हळद-मीठ टाकून शिजवायची आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून खायची. पन्नाशीनंतर मी पहिल्यांदा कांदा कापायला शिकलो. बोलायला कोणी नसायचं, म्हणून जेवताना तो कागद वाचायचो. पाठ झाला.

लोक म्हणाले, गावरानीत ताकद असते. मी भांडून भांडून गावरान कोंबडा आणला. तो दोन तास शिजला तरी चावेना. कागदावर गावरान नव्हतीच. पुढे सर्जननी सांगितलं की कातडी काढल्यावर ब्रॉयलरची छाती प्रोटीनमध्ये कुठं कमी पडत नाही. तोपर्यंत मी तीन आठवडे रबर चघळलं होतं.

दर सोमवारी ड्रेसिंग. जखम पांढरट, ओली. सर्जन विचारायचे, "खाता ना काका?" मी सांगायचो, "तोलून खातो." सातव्या आठवड्यात शेजारची दोन बोटं काळी पडली आणि ती काढावी लागली. वॉर्डात सगळ्यांना घरून डबे यायचे. माझी बायको येऊन बसायची, पाय दाबायची. जेवायची वेळ झाली की मी दवाखान्याचा वरण-भात खायचो.

सुट्टी झाल्यावर कुबडी घेऊन सलीमभाईच्या दुकानात गेलो. त्यानं नेहमीप्रमाणे दोनशे ग्रॅम तोलले आणि पायाकडे पाहत म्हणाला, "शेठ, एवढ्यानं काय होते? हाडासकट कच्चं हाये हे. शिजल्यावर शंभर बी उरत नाही. धाबेवाले किलो नेते अन् पाऊण किलो वाढते."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही तं निस्ता भाव करून राह्यले."

गोदामात येऊन तोललं. शिजवून, हाडं काढून अठ्ठ्याण्णव ग्रॅम भरलं. म्हणजे बासष्ट ग्रॅम प्रोटीन समजून मी रोज तीस खात होतो. ओल्या सोयाबीनची वाळल्यावर होणारी घट मी आयुष्यभर वजनातून कापत आलो. कागदातलं वजन घट जाऊन उरलेलं आहे, हे मला कोणी सांगितलं नाही.

आता पावणेतीनशे ग्रॅम घेतो, कच्चं, बिनहाडाचं, नुसती छाती. शिजून दोनशे भरतं. सहा आठवड्यांत अल्ब्युमिन वर आलं, जखम मिटली, पाऊल वाचलं. सर्जन म्हणतात, बोटं एकट्या प्रोटीनमुळे गेली असं नाही, रक्तपुरवठाही कमी होता. असेल. माझी किडनी चांगली आहे म्हणून इतकं प्रोटीन चालतं. तुमचं तुम्ही विचारून घ्या, आणि विचारताना हेही विचारा: वजन कच्चं की शिजलेलं, हाडासकट की बिनहाडाचं. सलीमभाईचे उपकार मी मानतो. भाव मात्र अजून करतो.

मी त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, कुठंही 'शिजवून' लिहिलेलं नाही हे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घरच्या बायांना माहीत असतं काका."

ज्याच्या घरी त्याचं जेवण शिजवणारं कोणी नाही, त्यानं काय करावं? "तुमचा स्वयंपाक कोण करतं?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी दवाखान्यात दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही. मला ते उत्तर त्या दवाखान्याकडून लेखी पाहिजे, सहीनिशी.