रफूवालीचं अपेंडिक्स

रफूवाली एकदा टाक्यांची ओळ सुरू केली की मध्येच उठत नसे. उठलं की हाताचा ताण बदलतो आणि ती ओळ कापडावर वेगळी दिसते, असं तिचं म्हणणं. म्हणून सकाळी बेंबीपाशी दुखू लागलं तेव्हा तिने ते वाकून बसण्यावर ढकललं आणि सुई चालू ठेवली. दुपारी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. चीर विणीच्या वाटेने सरकते तसं हे सरकतंय, याचंच तिला नवल वाटत राहिलं. संध्याकाळी मात्र सरळ उभं राहवेना.

दवाखान्यात तपासण्या पाहून डॉक्टरीणबाईंनी अपेंडिक्सचं निदान केलं. सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं. आत खडाही नव्हता. म्हणजे कापून काढता येईल, किंवा अँटिबायोटिक देऊन बघता येईल. औषधाने बहुतेकांचं तेव्हापुरतं भागतं, पण दहातल्या तिघा-चौघांना पुढच्या काही वर्षांत पुन्हा दुखतं.

नवरा बस चालवायचा. ज्याचा उपयोग नाही ते आत कशाला ठेवायचं, असा त्याचा हेका. नाहीतर गॅरंटी द्या, म्हणाला.

"अहो, मी तरी कधी गिऱ्हाइकाला गॅरंटी दिली?" ती कण्हत म्हणाली. "उसवलं तर परत आणा, एवढंच सांगते ना?"

"मीही तेच सांगतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त दुखलं की लगेच यायचं. हातातलं काम उरकून नाही."

सलाईनमधून औषध जात असताना तिने त्यांना भंडावून सोडलं. सूज जाते कुठे? शरीरच ती जिरवतं, हे ऐकून तिला ते ओळखीचं वाटलं. धाग्याचं टोक तीही असंच उलट्या बाजूला जिरवायची. ताप उतरला, गोळ्या घेऊन ती घरी आली. नवरा आता रोज विचारायचा, पोटातला भाडेकरू काय म्हणतोय?

पुढे काही महिन्यांनी एका कोटाच्या बाहीवर ओळ अर्ध्यात आली असताना उजवीकडे कळ उठली. कोटवाला येण्यातच होता. तिने ओळीच्या टोकाकडे पाहिलं; जेमतेम बोटभर उरली होती. मग सुई कापडात टोचली आणि ती उठली.

दवाखान्यात तपासल्यावर निघालं काहीच नाही. कमरेचा स्नायू आखडला होता. ती परतली तेव्हा कोटवाला दारात ताटकळत होता. अर्धी ओळ सैल पडली होतीच.

"जरा बसा," ती धागा उसवत म्हणाली. "मध्ये उठावं लागलं."