दुसऱ्या अंकातला वरचा सूर

हसायचं तर पोटभर हसा, पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. कारण हा घोटाळा दुसऱ्या कुणी केला नाही. मीच केला, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मोबाइलवरून, भर दुपारी!

आमची जळगावची हौशी नाटकमंडळी. दिवसा मी दुकानात ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो आणि संध्याकाळी तालमीला जातो. आमच्या संगीत नाटकात मला दोन कामं. एक द्वारपालाचं. भाला धरून उभं राहायचं आणि "महाराज, दूत आला आहे" एवढंच म्हणायचं. दुसरं काम मोठं. बदली राजपुत्र! म्हणजे आमचे देसलेसर आजारी पडले, तर राजपुत्र मी.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला चार वर्षांत साधी शिंक आली नाही, त्याचा बदली व्हायला भीती कसली? मी आनंदाने हो म्हटलं. वर गावाकडे सांगूनही टाकलं, "राजपुत्राचं काम माझ्याकडे आहे." खोटं नव्हतं हो! जरा आधी सांगितलं, इतकंच.

आणि प्रयोग लागला धुळ्याला. माझं गाव तिथून अर्ध्या तासावर. माझे चुलते, आबा, त्यांनी लगेच टेम्पो ठरवला. अख्खी गल्ली नाटकाला! मी मनाशी म्हटलं, सर आणि मी एकाच उंचीचे, टोप आणि रंग चढवल्यावर कोण कुणाला ओळखतंय? गाव सरांनाच आपला सुभाष समजेल आणि मी दाढी लावून दारात उभा राहीन.

पण प्रयोगाच्या दिवशी दुपारी पारोळ्याजवळ आमची गाडी जेवायला थांबली. सरांचा घसा सकाळपासून जरा धरला होता. त्यात त्यांनी शेवभाजी मागवली, वर तर्री घेतली, आणि पहिल्याच घासाला असा ठसका लागला की विचारू नका. पाणी झालं, गूळ झाला, पाठीवर गुद्दे झाले. शेवटी सरांनी बोलायला तोंड उघडलं, तर आटलेल्या बोअरमधून यावी तशी नुसती हवा आली.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

संवाद पाठ होते, चालीही येत होत्या. भीती होती ती एकाच जागेची. दुसऱ्या अंकात राजकन्या मूर्च्छित पडते आणि राजपुत्र विरहाचं पद म्हणतो. त्यातली शेवटची ओळ वर चढते, चढते, आणि वरच्या सुरावर जाऊन थांबते. सर तिथे खुशाल उभे राहायचे. त्या पदाला वन्स मोअर ठरलेला. मला तो सूर तालमीत दहातून दोनदा लागायचा, तोही खिडक्या बंद असल्या तर.

भीतीत माणसाला अक्कल सुचते, पण उलटी. मी म्हटलं, सूर लागो न लागो, वन्स मोअर आला की अब्रू वाचली. लावला आबांना फोन, आणि सुरू झालो आमच्या अहिराणीत!

"आबा, मन्हं गानं व्हयनं का बठ्ठासनी वन्स मोअर वरडानं."

"ते काय ऱ्हास रे?"

"म्हंजे आखो एक डाव म्हना. नाटकमा तशी पद्धत शे."

"कोन्ता गानाले वरडानं पन?"

"तुमले वाटी तठे वरडा! पन जोरमा!"

"तू फिकीर करू नको. तीस मानसं शेतस."

तुमले वाटी तठे, म्हणजे वाटेल तिथे! काय दुर्बुद्धी झाली मला!

पडदा उघडला. तिसऱ्या रांगेत एका ओळीत आमच्या गावच्या टोप्या दिसल्या. पहिलं पद सोपं होतं, खालच्या सुरातलं. ते मी बिनचूक म्हटलं. टाळ्याही पडल्या. पण आमचं गाव? चिडीचूप! आबा हाताची घडी घालून बसलेले. विसरले की काय?

मग दुसरा अंक. राजकन्या झालेल्या वृषालीताई ठरल्याप्रमाणे माझ्या पायाशी मूर्च्छित पडल्या. मी पद सुरू केलं. ओळ चढली. मी मान वर केली, डोळे मिटले, आणि कोंबडीच्या पिल्लावर पाय पडावा तसा आवाज झाला.

मी केला तो!

थिएटर सुन्न. आणि तिसऱ्या रांगेतून तीस गळ्यांची गर्जना झाली, "वन्स मोअर!"

आमचे पेटीवाले नाना जुन्या वळणाचे. वन्स मोअर म्हणजे त्यांना देवाची आज्ञा. त्यांनी तत्काळ सुरुवातीचे सूर धरले. मी "नको, नको" अशी मान हलवली. नानांना वाटलं, मी रंगात आलो. त्यांनी लय वाढवली.

दुसऱ्यांदा तर आवाज अर्ध्या वाटेतच फाटला.

"वन्स मोअर!"

पुढची पांढरपेशी मंडळी वळून बघायला लागली. मी तिसऱ्या रांगेकडे हात केला, थांबा म्हणून. तर आबा उठून उभे राहिले! "घाबरू नको सुभ्या! आमी शेतस!"

आता मागच्या रांगांनाही चेव आला. अख्खं थिएटर ओरडायला लागलं. विंगेत देसलेसर कपाळ बडवत होते, तेही आवाज न करता. पायाशी वृषालीताई डोळे मिटूनच कुजबुजल्या, "सुभाषभाऊ, आवरा लवकर. माझ्या मानेवर मुंगळा चढलाय."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, जमीन फाटावी आणि भाल्यासकट, टोपासकट मी आत जावं. भाला तर त्या दिवशी माझ्या हातात नव्हताही, इतकी मती गुंग झाली होती.

तिसऱ्यांदा मी वरच्या ओळीला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नुसतं उघडं तोंड! तेवढ्यात खालून सूर आला. स्वच्छ, खणखणीत. वृषालीताईंनी पडल्या पडल्या, मूर्च्छितावस्थेतच तो लावला होता! टाळ्यांचा कडकडाट झाला. बेशुद्ध राजकन्येनं राजपुत्राची अब्रू झाकली.

राहिलं शेवटचं पद. विंगेत उभा राहून मी आमच्या कानबाई देवीला नवस बोललो, "माय, एवढं पार पाड, पुन्हा रंग लावणार नाही!" आणि गायलो. जीव मुठीत धरून गायलो.

आणि काय सांगू! टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तिसरी रांग निश्चल. आबा उपरण्यानं डोळे टिपताहेत! माझा ऊर भरून आला. म्हटलं, जिंकलो! गाव रडवलं!

पडदा पडल्यावर आबा आत आले. मी पाया पडलो आणि आधी तक्रारच केली, "आबा, पहिलं गानं बराबर व्हयनं, तवय चूप. आनि दुसराले एवढं कशाले वरडनात?"

"अरे पोऱ्या, तू चुकना व्हता ना! म्हनीसन आमी तुले आखो एक डाव चान्स दिधा. मास्तर शायमा नही का, चुकनं की परत म्हनायले लावस?"

पण शेवटच्या पदाचा आनंद अजून अंगात होता.

"मंग शेवटला गानाले कोनी वरडनं नही. म्हंजे ते बराबर व्हयनं ना?"

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पुन्हा भरून आले त्यांचे.

"नही रे पोऱ्या. तवय आमी बठ्ठासनी आशाच सोडी दिधी."