दारापर्यंतची वाट

आईसोबत साड्या बघत होते, तेवढ्यात दुकानाच्या पुढच्या दारापाशी विजेच्या बोर्डातून धूर निघाला. मागच्या दाराची वाट खोक्यांनी अडली होती. आई वॉकरशिवाय चालू शकत नाही. साड्या दाखवणाऱ्या मंदाताईंनी खोकी भराभर बाजूला लोटली. "आजी, घाई नको, मी आहे ना," त्या म्हणाल्या. सगळे सुखरूप बाहेर आलो.

माणूस आत रमावा म्हणून दुकान मांडतात. त्याला बाहेरही पडायचं असतं, हे विसरून जातात.

आठवड्याने गेलो, तर वाट मोकळी होती. मालक आईला म्हणाले, "आजी, दारापर्यंत चालून बघता का? तुम्हाला जमलं, तर सगळ्यांना जमेल."

आई निघाली. मंदाताई तिला हात न लावता, पण हाताच्या अंतरावर, मागून चालत राहिल्या.