किसनमामांच्या ढोलकीचा घुमारा

"मामा, हात जड झालाय तुमचा. टेपात घुमारा उतरेना," असं म्हणत साळवे गुरुजींनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हितं तर घुमायलीय की," किसनमामा म्हणाले.

"हितं घुमून काय उपेग? टेपात पायजे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंगळीच्या शाळेचा वर्ग, रविवारची दुपार. माझं परभणीत माइक आणि रेकॉर्डिंगचं दुकान होतं. गुरुजी याच शाळेत शिकवायचे आणि त्यांची भीमगीतांची पार्टी होती. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं नमुन्याची टेप मागवली होती. किसनमामा पार्टीचे पहिल्यापासूनचे ढोलकीवाले. टेपवर ज्याची ढोलकी, तोच पुढं मुंबईला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी हेडफोन लावला. गुरुजी खोटं बोलत नव्हते. वरचा टणटण आवाज येत होता, पण खालचा धुम् गायब. हवा गेलेल्या फुटबॉलला लाथ मारावी तसं वाटत होतं.

ढोलकीला मी दोन माइक लावले होते, दोन्ही तोंडांसमोर एकेक. मिक्सरवर दोन्ही एकत्र जोडून त्यांना एकच बास-ट्रेबल दिला होता. याला आम्ही ग्रुप म्हणतो. ग्रुपचा बास वाढवला. घुमारा आला नाहीच, उलट ढोलकीच्या माइकांत शिरणारा गुरुजींचा आवाज रांजणातून आल्यासारखा झाला. ट्रेबल कमी केला, तर टणटणही मेली.

तेवढ्यात गाडी आली. स्टेशन जवळच, त्यामुळं ती जाईपर्यंत रेकॉर्डिंग बंद. गुरुजींनी ती सवड साधली.

"मामा, जरा बाजूला बसा. आज माझा पुतण्या वाजवील."

"लय वर्सं झाली, गुरुजी, तुमच्यासंगं वाजवायलोय." एवढंच बोलून मामांनी ढोलकी पुतण्याकडं सरकवली आणि ते भिंतीला टेकून बसले. मला फार वाईट वाटलं. गुरुजींचा रागही आला. पण पार्टी त्यांची, टेप त्यांची.

पुतण्या तरणाबांड. त्यानं दणकून थाप मारली. हेडफोनमध्ये पुन्हा तोच फुटबॉल.

आता दोघांचेही हात जड कसे? मी ग्रुपमधला उजवा माइक बंद केला. धुम्! तो परत चालू केला, की घुमारा गायब.

मग डोक्यात उजेड पडला. डाव्या तोंडावर थाप पडली की ते कातडं आत जातं. आतली हवा दाबली जाते आणि उजवं कातडं बाहेर येतं. एका माइकला कातडं लांब जाताना ऐकू येतं, दुसऱ्याला जवळ येताना. दोन्हीकडचे खालचे आवाज एकत्र केले की एकमेकांना खोडतात. फेज उलटी पडली, असं आम्ही म्हणतो. बंद पडलेली एसटी एकानं मागून आणि दुसऱ्यानं पुढून ढकलावी, तसं हे. ग्रुपचा बास वाढवला की दोघंही सारखाच जास्त जोर लावतात. गाडी जागेवरच.

उजव्या माइकच्या प्लगमधल्या दोन तारांची अदलाबदल करून सोल्डर मारला, म्हणजे आता दोघंही एकाच बाजूनं ढकलणार. दोन्ही माइक चालू. पुतण्यानं थाप मारली आणि हेडफोन भरून घुमला.

"गुरुजी, मामांच्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "माइकची जोडणी उलटी पडली होती."

गुरुजींनी स्वतः ऐकलं. ओशाळले. ढोलकी उचलून मामांपुढं ठेवली. "चुकलं, मामा. बसा."

मामांनी ढोलकीला हात लावला नाही.

"आदी त्या माइकाला इचारा," ते म्हणाले, "त्याचा हात बरा हाय का?"

सगळ्यांत आधी पुतण्याच हसला. मग गुरुजी. शेवटी मामांनी ढोलकी मांडीवर घेतली, आणि पुढची गाडी यायच्या आत गाणं पुरं झालं.

मामा मुंबईला जाऊन आले. मी मात्र तेव्हापासून एक शिस्त पाळली. आवाज हरवला की आधी एकेक माइक बंद करून बघायचा. माणसाला बाजूला बसवायचं ते सगळ्यात शेवटी.