अप्पांचा काला मोतिया

आई गेल्यानंतर अप्पांना मी जयपूरला आणलं. माझी रेल्वेत कारकुनाची नोकरी, बदली होऊन इथे येऊन सहा वर्षं झाली होती. अप्पांनी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं. आमच्या क्वार्टरमध्ये आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं पडून राहिलेलं मशीन खिडकीपाशी ओढलं आणि शेजारच्या बायकांचे ब्लाउज दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. हिंदी त्यांना कळायची, बोलताना मात्र अडखळायचे.

चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून मी त्यांना वैशाली नगरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. थेंब घालून अप्पा बाहेर डोळे मिटून बसले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. त्याच वेळी ऑफिसमधून फोन आला. एका हाताने फोन कानाला लावून मी ऐकत होते.

"काला मोतिया है. ये दवा रोज़ डालनी है, बंद मत करना. तीन महीने में दिखाना."

मी मान हलवली, कागद घेतला आणि बाहेर आले. घरी जाताना बसमध्ये अप्पांना सांगितलं, "मोतीबिंदू आहे."

"मग पिकू दे की," अप्पा म्हणाले. "तुझ्या चुलत्याचा पिकला, काढला, पंधरा दिवसांत पेपर वाचायला लागला."

मलाही तेच वाटलं. काला काय आणि पांढरा काय, मोतिया म्हणजे मोतीबिंदू. कुणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

औषधाने त्यांचे डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. महिन्याभराने त्यांनी विचारलं, "दुखत नाही, खुपत नाही, मग हे घालायचं कशाला?" मी म्हणाले, बाटली संपली की बघू. बाटली संपली. आम्ही काही बघितलं नाही.

पुढच्या दीड वर्षात काय काय होत गेलं, ते आता एकापुढे एक दिसतं. तेव्हा सगळं सुटं सुटं होतं. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा लागायचा. स्टुलावरचा कप कोपराने पडायचा. माझी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली की ते दचकायचे आणि तिच्यावर चिडायचे. एकदा दोन कप लागोपाठ फुटले, तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, जरा बघून करा की." ते खाली वाकून तुकडे वेचायला लागले. त्यातला एक त्यांच्या पायाशी तसाच राहिला, तो मी उचलला.

नवऱ्याने एकदा डोळ्यांचा विषय काढला. मी हसले. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना काय होणार?

थंडीत एका सकाळी आम्ही तिलक नगरला एका ओळखीच्या बाईंकडे निघालो होतो. रस्ता ओलांडताना मी दोन पावलं मागे होते. डावीकडून एक मुलगी स्कूटीवर येत होती. रस्ता सरळ, मोकळा, ऊन पडलेलं. मला ती लांबूनच दिसली होती, अप्पांनाही दिसली असेल असं मी धरून चालले. ते थेट तिच्यासमोर गेले.

मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावलं. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणत होती, "मैंने हॉर्न दिया था, अंकलजी ने देखा ही नहीं." अप्पा फुटपाथच्या कडेला बसले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "कुठनं आली गं ती?"

मी डावीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे बघितलं.

दोन दिवसांनी मी त्यांना झालाना भागातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. आत कुठेही ठिणगीएवढा उजेड दिसला की हातातलं बटण दाबायचं. सोबतच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. मी मागे उभी राहून फक्त बटणाचा आवाज ऐकत होते. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. अप्पा बटणावर अंगठा धरून वाट बघत होते.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी यंत्रातून आलेला कागद आमच्यापुढे ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात मधे थोडी जागा पांढरी, बाकी सगळं काळं.

"काला मोतिया है. पहले कहीं दिखाया था?"

मी पिशवीतून जुना कागद काढून दिला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे वळवून एका शब्दाखाली बोट धरलं. ग्लॉकोमा. मी दिवसभर इंग्रजी फायली वाचते. तो शब्द मी एकदाही वाचला नव्हता.

"हा मोतीबिंदू नाही?" मी हिंदीत विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या. हा वेगळा आजार. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू सुकते, दुखत काही नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. मराठीत याला काचबिंदू म्हणतात, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. शब्द माहीत होता. काला मोतिया आणि काचबिंदू यांची सांगड कधी घातली नव्हती.

अप्पांनी मला विचारलं, "ऑपरेशन केल्यावर पहिल्यासारखं दिसेल ना? विचार त्यांना."

मी विचारलं. डॉक्टर बाई अप्पांकडे बघत सावकाश बोलल्या. "जो चला गया वो वापस नहीं आएगा, बाबूजी. जो बचा है, उसे बचाएँगे. दवा रोज़, ज़िंदगी भर."

अप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

"औषधाने फरक पडेल म्हणतात," मी म्हणाले.

"वापस नहीं आएगा म्हणाल्या त्या," अप्पा म्हणाले. "तेवढं कळतं मला."

मी मान खाली घातली.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, फोनवर बोलताना अर्धवट ऐकलं होतं तेसुद्धा. ते म्हणाले, "औषध मीच बंद केलं की गं." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं.

आता माझी मुलगी त्यांना सकाळ-संध्याकाळ थेंब घालते. "आजोबा, वर बघा, मतलब छताकडे," म्हणते. ते निमूट बघतात. डोळे आजही लाल होतात. डॉक्टर बाईंनी औषध एकदा बदलून दिलं, तरी थोडी चुरचूर राहिलीच. उजवा डोळा होता तेवढा टिकून आहे. डाव्यात आणखी थोडं गेलं. एकटे ते बाहेर पडत नाहीत.

दवाखान्यात मात्र ते मला मधे घेत नाहीत. आपली हिंदी जुळवत स्वतः विचारतात. गुलाबपाणी घातलं तर चालेल का, मशीन चालवल्याने नस आणखी सुकेल का, एक दिवस थेंब राहिला तर काय होतं. मी शेजारी बसून असते.

गेल्या खेपेला उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टरजी, ये रोग बच्चों को लगता है क्या?"

घरात एकाला असेल तर मुलांनी तपासून घ्यायलाच हवं, हे डॉक्टर बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वर्षभर टाळत आले होते. अप्पांनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीकडे वळवलं. "इसको देखो."

माझ्या दोन्ही डोळ्यांत दाब थोडा जास्त निघाला. नस अजून चांगली आहे, औषध नको, पण दर सहा महिन्यांनी यायचं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. यंत्रावर बसले तेव्हा मला अंधारात कुठे कुठे उजेड दिसत होता, कुठे नव्हता. नव्हता तिथे खरंच नव्हता की मला दिसला नाही, हे मी विचारलं नाही.

बसच्या थांब्यावर अप्पा माझ्या उजव्या बाजूला, माझा दंड धरून उभे होते. मी मुलीला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल, आजोबांचे थेंब तयार ठेव. कशी झाली तपासणी, तिने विचारलं. मी म्हणाले, आल्यावर सांगते.