अप्पा व्हरांड्यात थांबले होते

कोल्हापूर स्टेशनात मुंबईची गाडी लागली तेव्हा माझ्या डब्यापाशी अव्वा, म्हणजे माझी आई, आणि थोरला भाऊ एवढेच होते. अप्पा कुरुंदवाडात आपल्या आडत दुकानात बसून होते. लेक जर्मनीला निघाली म्हणून दुकान बंद ठेवणार नाही, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "शिकायचं तेवढं शिकलीस की. आता तिकडं जाऊन कुठली पावडर भाजणार हाईस?" अव्वानं मात्र कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी हलली तशी रडायच्या ऐवजी ती ओरडली, "थंडीत डोकं बांधत जा!"

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं.

पावडरचं अप्पांचं खरंच होतं. पीएचडीसाठी मी ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिक ऑक्साइडची पांढरी भुकटी भाजायची. निर्वात नळीत तापवली की तिच्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी निघून जातं. मग थोडी वाफ आत सोडायची आणि ती कुठं, कशी बसते ते इन्फ्रारेड किरणांनी बघायचं. पाण्याचा रेणू तिथं नुसता बसत नाही, तुटतो, आणि त्याचे तुकडे ऑक्साइडला धरून राहतात. कितीतरी कारखान्यांतल्या रासायनिक क्रिया अशाच पृष्ठभागांवर चालतात. फोनवर हे सांगितलं तर अव्वा म्हणाली, "म्हंजे कपबशीचा अभ्यास?"

"कपबशीच्या नुसत्या वरच्या अंगाचा."

"आणि आतल्याचा कोण करतंय?"

तिकडच्या एकाही माणसानं मला इतकं हसवलं नाही. तिथं मला कामानं सांभाळलं, माणसांनी नाही. मराठी कानावर पडायची नाही, म्हणून मी भट्टीशीच बोलायची, "चढ की गं बाई." तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना हे सांगायला नको. जे राहिलेत त्यांना वाटतं, आम्ही मजेत होतो.

पाचसहा वर्षांनी कोल्हापुरात विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात जागा निघाली. मी तिकडची नोकरी नाकारून आले. अप्पा बदलले होते. लेक आता कोल्हापुरात प्राध्यापक होणार, हे त्यांनी सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं. मुलाखतीला ते माझ्याबरोबर आले, कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले.

आत मला रसायनशास्त्राचा एकही प्रश्न विचारला नाही. लग्न झालंय का, विचारलं. नाही म्हटल्यावर विभागप्रमुख हसले. "म्हणजे झालं की सोडून जाणार." मी म्हटलं, साधी भट्टी आणि एक पंप मिळाला तरी काम सुरू करता येईल, आराखडा आणलाय. तो कुणी उघडला नाही. "इथं असली फॅडं चालत नाहीत, बाई."

परतीच्या एसटीत जयसिंगपूर मागं पडल्यावर अप्पा म्हणाले, "तू आत होतीस तवा शिपाई मला म्हणाला, पावणं, कशापायी थांबलाय? साहेबांच्या मेव्हण्याची ऑर्डर कालच टाईप झालीया."

"मग मला बाहेर आल्याबरोबर का नाही सांगितलंत?"

"तिथं रडली असतीस. त्यांच्यासमोर न्हाय रडायचं."

कुरुंदवाडचा पूल आला तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "तू परत जा. मी म्हणतोय म्हणून जा."

मी गेले. दोन वर्षांनी अप्पा गेले. मी पोचले तेव्हा माती झाली होती.

नंतर त्याच विभागानं मला व्याख्यानाला बोलावलं. तेच प्रमुख, केस तेवढे पांढरे. "आपल्या मातीची लेक," म्हणून त्यांनी ओळख करून दिली, शाल घातली, नारळ दिला. व्याख्यानानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, हे काम इथं राहून करता येईल का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काहीतरी उमेद देणारं बोलावं अशी अपेक्षा होती. मी म्हटलं, "करता येतं. पण हे लोक करू देणार नाहीत." टाळ्या पडल्या नाहीत. मला चहाला कुणी थांबवून घेतलं नाही.

घरी अव्वानं शाल उलटसुलट करून बघितली. "शाल द्याया जमतंय ह्यांना. खुर्ची द्याया हात उचलला न्हाय." आणि ती तिनं शिलाई मशीनवर धूळ बसू नये म्हणून टाकली.

आता कुरुंदवाडात गेले की शेजारच्या बायका विचारतात, कधी आलीस, कधी जाणार, एकाच दमात. अव्वा आहे तोवर मी येत राहीन. माझ्यापुरतं घर एवढंच उरलंय, एक म्हातारी बाई आणि तिचा मोठा आवाज. ती गेल्यावर कोल्हापूरला उतरायचं मला कारण राहणार नाही. हे लिहिताना जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, आणि रात्र रात्र सलतं ते हेच.